मॉरिशसच्या वहीतील गाव

पोर्ट लुईच्या बंदरात शिडाच्या नौकेने शिरणाऱ्यास प्रथम दिसतात ते डोंगर. पीटर बोथ या शिखराच्या माथ्यावर एक प्रचंड धोंडा कोणी तोलून ठेवावा तसा उभा आहे. एप्रिल २०१८ मध्ये नौदलाची ‘तारिणी’ सुकाणूत बिघाड झाल्याने याच बंदरात आश्रयास आली. पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करीत आलेल्या तिच्यावरील सहा महिला अधिकाऱ्यांचे कौतुक झाले, ते योग्यच होते. परंतु सह्याद्रीच्या कुशीतील माणसे शिडांच्याच जहाजांनी या बेटावर कधीच उतरली होती, याचे स्मरण किती जणांस झाले असेल?

१८३४ ते १९१० या काळात मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून सुमारे साडेचार लाख मजूर करारावर नेण्यात आले. बहुतेक कलकत्ता व मद्रासहून. मुंबईहून गेलेले तुलनेने थोडे. पण त्यांत रत्नागिरी, कोल्हापूर, सातारा या भागांतील मराठी माणसे होती. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीचाही मोठा भाग येई. ‘दक्षिण सातारा’ वेगळा निघाला १९४९ मध्ये आणि त्याचे सांगली झाले १९६० मध्ये. आज ज्या कृष्णाकाठी बीडकडून ऊसतोड कामगार येतात, तेथील माणसे एके काळी ऊस तोडण्यास समुद्रापार गेली, हा योगायोग चमत्कारिक खराच. घाट उतरून मुंबई गाठायची आणि पुढे साडेचार हजार किलोमीटरांहून अधिक पाणी, वारा नेईल तसे. डोंगर पाहून वाढलेल्या या माणसांना अनेक आठवड्यांनी पुन्हा डोंगर दिसला, तो परक्या मुलखातला.

उतरल्यावर प्रत्येकाची नोंद होई. नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरील खूण, गाव, जिल्हा. पुढे पुढे छायाचित्रही. या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत. मराठी नाव कारकुनाच्या कानाला लागले तसे रोमन लिपीत उतरले आणि कित्येकदा पूर्वजाचे एकेरी नावच वंशजांचे आडनाव होऊन बसले. उद्या एखादा वंशज अशा नोंदीचा उतारा घेऊन आला आणि त्यावर ‘नागठाणे’ एवढेच असले, तर त्याने कोठे जावे? एक नागठाणे साताऱ्याजवळ महामार्गावर, दुसरे पलूस तालुक्यात, बालगंधर्वांच्या जन्माचे.

या प्रश्नाचे उत्तर कदाचित मोक्यापेक्षा इकडेच सापडेल. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव हिंडून घराण्यांच्या वंशावळी सांगणारे हेळवी या भागात अजून आहेत. त्यांच्या वह्यांत भाऊबंदांच्या शाखा उतरलेल्या असतात. कोण परागंदा झाला, कोणाची शाखा पुढे चाललीच नाही, हे तेथे ताडून पाहता येईल. परंतु या वह्या घराघरांत आहेत, कागद जीर्ण होत आहेत आणि वाचून सांगणारी पिढी म्हातारी झाली आहे. शिवाजी विद्यापीठातील इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी एका तालुक्यातील वह्यांची छायाचित्रे घेऊन मोक्याच्या नोंदींशी ती पडताळून पाहिली, तरी सुरुवात होईल. त्यास मोठा निधी लागत नाही. हेळव्याच्या ओसरीवर चार दिवस बसण्याची तयारी मात्र लागते.