लपवलेला भाव ओळखायचा कसा?

मंडळी, दुसऱ्याचं मन आपल्याला कळतं कसं, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न. आज आपण तो वयाच्या अंगाने पाहू.

सुरुवात फार लवकर होते. साधारण सात महिन्यांच्या बाळाला हसरा आणि भ्यालेला चेहरा यांतला फरक कळतो. त्याचा अर्थ लागतो तो पुढे. १९८५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. वर्षाच्या बाळांना जाड काचेवर ठेवलं. निम्म्या वाटेवर काचेखाली फूटभर खड्डा दिसायचा आणि पलीकडे आई. आईचा चेहरा आनंदी होता तेव्हा १९ पैकी १४ बाळं रांगत पलीकडे गेली. चेहऱ्यावर भीती होती तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. म्हणजे 'पुढे जाऊ की नको' हे मूल आईच्या तोंडाकडे बघून ठरवतं.

तीन-चार वर्षांचं मूल आनंद, राग, दुःख यांना नावं देऊ लागतं. पण चेहरा एक आणि मन दुसरं असू शकतं, हे नीट उमगायला बहुतेकांना सहावं वर्ष लागतं. आत्याने आणलेला फ्रॉक आवडला नाही, तरी हसून 'छान आहे' म्हणायचं, ही ती पायरी.

भरताने नाट्यशास्त्रात ३३ व्यभिचारी भाव सांगितले, त्यांत 'अवहित्था' आहे. अवहित्था म्हणजे भाव झाकणं. त्याची कारणं देताना लज्जा आणि भय यांच्यासोबत तो 'गौरव', म्हणजे थोरांविषयीचा आदर, हेही सांगतो. १९९४ साली जोशी आणि मॅक्लीन यांनी भारतीय आणि इंग्रज मुलांची तुलना केली. चार वर्षांच्या मुलींमध्ये ही लपवाछपवी आपल्याकडच्या मुलींना अधिक कळत होती, विशेषतः समोर मोठं माणूस असताना. हे शहाणपण म्हणायचं की धाक? आपण दोन्ही म्हणू.

आता दुसरं टोक. नुसत्या डोळ्यांवरून भाव ओळखण्याची क्षमता चाळिशी-पन्नाशीपर्यंत टिकून असते. पुढे, निव्वळ चेहऱ्याचे फोटो दाखवले, तर राग, भीती, दुःख ओळखण्यात वयस्कर माणसं तरुणांच्या मागे पडतात. मात्र रोजच्या जगण्यात चेहरा कधी एकटा येत नाही. माणूस कोण, कुठून आलं, दिवस कसा गेला, हे सोबत असतं, आणि तिथे अनुभव कामी येतो.

अंधेरीहून लोकलच्या गर्दीत उभ्याने प्रवास करून सून बोरिवलीला घरी येते. तिचा गप्प चेहरा पाहून आपण म्हणतो, 'हिला राग आलाय.' कदाचित तो नुसता शीण असेल. कदाचित खरंच काही खुपत असेल. पण थोरांसमोर भाव झाकायला ती चौथ्या वर्षीच शिकलेली आहे, आणि ते आपणच शिकवलेलं आहे. अशा वेळी चेहरा वाचण्यावर भिस्त ठेवू नये. तिला बसू द्यावं, पाणी द्यावं आणि 'आज फार दमलीस का गं?' असं विचारावं. उत्तर टाळलं, तर पुन्हा खोदून विचारू नये.

नातवंडांनाही हेच शिकवता येईल, मुलग्यांना तर आवर्जून. चेहरा पाहून अंदाज बांधावा; पण निकाल देण्याआधी विचारावं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.