गहू सोडला, पण गिरणीचं काय?

सिलिअ‍ॅक आजार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गहू, जव (सातू) आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. पूरक जनुकं असलेल्यांपैकी ज्यांना सिलिअ‍ॅक आजार होतो, त्यांच्या पोटात ते गेलं की शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावर मखमलीच्या लवेसारखे बारीक उंचवटे असतात आणि अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. ते झिजून सपाट झाले की कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही. यावर आज औषध नाही. ग्लुटेन आयुष्यभर पूर्णपणे टाळणं हाच उपचार आहे. ज्वारीची भाकरी ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्या वर्धा जिल्ह्यात हे पथ्य पाळणं तुलनेनं सोपं असायला हवं. पण गैरसमज आड येतात.

गैरसमज : हा पंजाब-हरियाणाकडचा आजार, आपल्याकडचा नाही.

वस्तुस्थिती : भारतातल्या तीन भागांत 23,331 प्रौढांची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. या आजाराची प्रतिपिंडं उत्तरेत शंभरात 1.23, ईशान्येत 0.87 आणि दक्षिणेत 0.10 जणांत आढळली. आजाराला पूरक जनुकांचं प्रमाण मात्र तिन्हीकडे जवळपास सारखंच होतं. मोठा फरक होता तो रोजच्या खाण्यातल्या गव्हाचा. विदर्भातही ज्वारी मागे पडली आणि पोळी रोजची झाली. त्यामुळे 'आपल्याकडे नसतो' म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

गैरसमज : हा लहान मुलांचा, जुलाबाचा आजार. वय वाढलं की बरा होतो.

वस्तुस्थिती : तो कोणत्याही वयात उघड होऊ शकतो आणि आपोआप जात नाही. अनेकांना जुलाब होतच नाहीत. लोहाच्या गोळ्या घेऊनही न हटणारा रक्तक्षय, खुंटलेली उंची, ठिसूळ हाडं, वारंवार तोंड येणं, वंध्यत्व किंवा अंगावर खाजरे फोड हीसुद्धा त्याची लक्षणं असू शकतात. विदर्भात सिकलसेलही आहे, त्यामुळे फिकट दिसणाऱ्या मुलाच्या रक्तक्षयाचं कारण अंदाजानं ठरवू नये, तपासून घ्यावं. घरात एकाला सिलिअ‍ॅक निघाला तर आईवडील, भावंडं आणि मुलं यांचीही तपासणी करावी.

गैरसमज : गहू बंद केल्यावर बरं वाटलं, म्हणजे निदान झालं.

वस्तुस्थिती : इथेच सर्वांत मोठी चूक होते. टीटीजी-आयजीए ही रक्ताची चाचणी आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा यांवरून साधारणपणे निदान होतं. गहू आधीच सोडलेला असेल, तर आजार असूनही तपासण्या निर्दोष येऊ शकतात. म्हणून आधी तपासणी, मग पथ्य. जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) इथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. शंका असेल तर पोळी न सोडता आधी डॉक्टरांना गाठावं.

गैरसमज : खपली, बन्सी किंवा आंबवलेला गहू चालतो.

वस्तुस्थिती : खपली आणि बन्सी हे गहूच आहेत, दोन्हींत ग्लुटेन असतं. रवा, मैदा, दलिया, शेवया हीसुद्धा गव्हाचीच रूपं. पीठ घरी नेहमीसारखं आंबवल्यानं ते सुरक्षित होत नाही.

गैरसमज : भाकरी खाल्ली की पथ्य पाळलं. प्रसादाचा एखादा घास चालतो.

वस्तुस्थिती : तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत सुमारे अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं. सिलिअ‍ॅक असलेल्यांना दिवसाला 10 मिलिग्रॅमपर्यंतचं ग्लुटेन सुरक्षित मानतात. म्हणजे पोळीचा साधारण अडीचशेवा भाग. गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ ज्वारी दळली तर पाळ्यांत उरलेली कणिक ज्वारीच्या पिठात येते आणि ही मर्यादा सहज ओलांडली जाते. पोट दुखलं नाही म्हणजे इजा झाली नाही, असंही नाही.

वर्ध्यात 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली मगनवाडीतून त्यानं जात्यावरच्या पिठाचा पुरस्कार केला. तेव्हाची कारणं पोषणाची आणि गावच्या रोजगाराची होती. सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला मात्र गव्हाचा कण न लागलेलं जातं किंवा घरघंटी औषधाइतकीच गरजेची आहे. धान्य निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळावं. पोळपाट-लाटणं, चाळणी आणि पिठाचा डबा वेगळा ठेवावा. पुऱ्या तळलेलं तेल वापरू नये. बाजारच्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो, म्हणून पाकीट वाचून तांदळाच्या पिठाचा हिंग घ्यावा. सातूच्या पिठातही गहू किंवा जव असतो. भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा मुळात ग्लुटेनविरहित आहेत, पण त्यांची पिठंही वेगळीच दळायला हवीत.

गैरसमज : गव्हाशिवाय बेकरीचे पदार्थ जमतच नाहीत.

वस्तुस्थिती : ग्लुटेन कणकेला ताण देतं आणि पावात हवा धरून ठेवतं. बिस्किटाला ती ताकद नकोच असते. वर्ध्याचं प्रसिद्ध गोरसपाक बिस्किट गव्हाचं, म्हणून रुग्णांना वर्ज्य. पण खुसखुशीतपणा येतो तो तुपानं. तूप पिठाच्या कणांवर बसतं आणि ग्लुटेनचे धागे जुळू देत नाही. म्हणूनच या जातीची बिस्किटं गव्हाशिवाय सर्वांत सहज जमतात. दोन भाग ज्वारीचं पीठ, एक भाग तांदळाचं पीठ, थोडं बेसन, पिठीसाखर आणि थिजलेलं तूप एकत्र करून अर्धा तास ठेवावं. मग न लाटता हातानं थापून मंद आचेवर भाजावं.

पावाला मात्र दुसरा आधार द्यावा लागतो. पाव किलो पिठाला सुमारे 15 ग्रॅम इसबगोल पाण्यात फुलवून घातलं तर ते हवा धरतं. जवसाची पूडही मदत करते. हे पीठ मळायचं नसतं. ते सैलसर ठेवून साच्यात भाजावं आणि पूर्ण गार झाल्यावरच कापावं.

गैरसमज : 'ग्लुटेन-मुक्त' म्हणजे पौष्टिक, तेव्हा सगळ्यांनीच गहू सोडावा.

वस्तुस्थिती : त्या शिक्क्याचा अर्थ इतकाच, की किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नाही. अशा महागड्या पाकिटांत अनेकदा साखर आणि स्निग्धांश जास्त, चोथा कमी असतो. ज्यांना हा आजार किंवा गव्हाचा अन्य त्रास नाही, त्यांनी गहू सोडण्याची गरज नाही. ज्यांना आहे, त्यांनी पैसे पाकिटांवर घालवण्यापेक्षा घरघंटीवर खर्च करावेत.

गिरणीवाल्यांनी आठवड्यातून एक वेळ फक्त ज्वारी-तांदळासाठी राखली आणि त्याआधी पाळी नीट साफ केली, तर गावातल्या रुग्णाला काहीसा आधार मिळेल. आणि पंगतीत कुणी पोळी नाकारली, तर कृपा करून आग्रह करू नका.