रुग्णटिपणे आणि मेडिसिन बॉल

तंजावूरच्या राजवाड्याचा विषय निघाला की सरस्वती महाल ग्रंथालयापुढे कुणी जात नाही. दुसऱ्या सरफोजीराजांच्या (१७९८–१८३२) धन्वंतरी महाल या वैद्यशाळेत नेत्ररुग्णांची टिपणे लिहून ठेवत, आजारी डोळ्यांची चित्रेही काढून घेत. अशा ४४ रुग्णांचे कागद उरले आहेत. रोग एका नजरेत कळत नाही, हे त्या वैद्यांना ठाऊक होते. खेळाडू मात्र एका सकाळीत कळतो, असे आपल्याकडे अजून मानले जाते. आमच्या महाराष्ट्राच्या क्रीडा प्रबोधिनीच्या निवडचाचण्या घ्या: उंची, वजन, ३० मीटर धाव, उभ्याने लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, ८०० मीटर. मोजमाप चोख असते, पण ते त्या दिवसापुरते. बारा-तेराव्या वर्षी कुणाला मिसरूड फुटलेली असते, कुणाचा आवाजही फुटलेला नसतो. त्यात जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा अकरा महिन्यांनी थोराड. कॅनडातल्या आइस हॉकीच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचाच भरणा असतो, हे १९८५ मध्येच दाखवले गेले. जन्मदाखल्यांवर विसंबता येईना म्हणून आपल्या क्रिकेट मंडळाने मनगटाच्या हाडांवरून वय ठरवायला सुरुवात केली. चोरी पकडायला ते ठीक. उशिरा वाढणाऱ्याला त्याने न्याय मिळत नाही.

मल्लखांबाकडे पाहा. पेशवाईतल्या बाळंभट्टदादा देवधरांपासून आलेल्या या विद्येत पोर पारखायला खांबच पुरतो. एरंडेल लावलेल्या लाकडावर पायांची अढी घालताना धाप लागते की भीती वाटते, दसरंगाचा डाव चुकला तर पोर खाली उतरून रडते की पुन्हा हात चोळते, हे उस्तादाला महिन्या-दोन महिन्यांनी दिसते. उंचीच्या पट्टीला कधीच दिसत नाही. आज तमिळनाडूत या खेळाचे ठाणे विळुप्पुरम आहे, मराठ्यांची राजधानी असलेले तंजावूर नव्हे. याची खंत वाटते, आणि विळुप्पुरमच्या पोरांचे कौतुकही.

आकड्यांचे कैवारी म्हणतील, हजारो मुलांमागे इतके उस्ताद आणायचे कुठून? शिवाय उस्तादाच्या नजरेत वशिलाही असतो. दुसरा आक्षेप मला मान्य आहे, आणि उस्तादाने पाहिलेले धन्वंतरी महालातल्यासारखे टिपून ठेवावे, हा माझा आग्रह त्यासाठीच आहे: लिहिलेले दुसऱ्याला तपासता येते. चाचणी दाराशी असू द्या, पण निवडीचा निकाल वर्षभराने लावा. स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये प्रबोधिनीत आला. आधी वर्षभर शरीर कमावणे, मग खेळाची निवड. त्याने नेमबाजी घेतली. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्य मिळाले. श्वास आवरून निश्चल राहण्याचा गुण ८०० मीटरच्या घड्याळात कुठून उमटणार? खर्चाचे म्हणाल, तर शाळेमागे एक जाड वही. तिच्यात जन्ममहिना, दर सहा महिन्यांची उंची, मूल कुठे पडले, आणि पडल्यावर दुसऱ्या दिवशी मैदानावर आले का.