लाटेचा हिशेब : सर्फिंगचा छंद आणि आपला खिसा

आजचा विषय ऐकून काही जण हसले, ते आम्ही इथून पाहिलं. सर्फिंग म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या, हवाईतल्या लोकांचं काम, आपण पुण्या-मुंबईच्या माणसांनी त्यात कशाला पडायचं, असं वाटणं साहजिक आहे. पण कर्नाटकात मुलकीला 2004 पासून सर्फिंग शिकवलं जातंय. चेन्नईच्या दक्षिणेला कोवलमला कोळ्यांची मुलं बोर्डावर उभी राहतात. गोव्यात आश्वे-मांद्र्याच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात रोज सकाळी शिकवण्या चालतात. तेव्हा हे करता येतं, यात शंका नाही. परवडतं का, एवढंच आज बघू.

आधी आमची फजिती सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. आम्ही चौघा मित्रांनी चार दिवस शिकून घेतलं आणि परत आल्या आल्या वर्गणी काढून एक जुना बोर्ड घेतला. सहा फूट दोन इंच, निळ्या पट्ट्यांचा, दिसायला फारच देखणा. अठरा हजार मोजले. विकणाऱ्यानं सांगितलं, शिकणाऱ्याला अगदी योग्य. खरं तर बोर्ड पाण्यावर किती तरतो, हे त्याच्या आकारमानावर ठरतं. ते लिटरमध्ये मोजतात. नवशिक्याला साधारण आठ फुटी, सत्तर-ऐंशी लिटरचा बोर्ड लागतो, आमचा होता तिसाच्या आसपास. त्यावर पोटावर पडून हात मारायला घेतले की बोर्ड निम्मा पाण्याखाली, लाट पुढे निघून जाणार आणि आपण तिथेच. त्यात कडेला एक बारीक चीर होती. फायबरग्लासच्या कवचाला चीर पडली की आतल्या फोममध्ये पाणी शिरतं, फोम पिवळा पडतो, बोर्ड जड होतो. आमचा झालाच. पुढे दोन वर्षं तो बाल्कनीत उभा होता, त्यावर टॉवेल वाळायचे. शेवटी नऊ हजारांना गेला.

तर पहिला मुद्दा : या छंदात बोर्ड हा मोठा खर्च नाहीच. मोठा खर्च पाण्यापर्यंत पोचण्याचा आहे. हे आकड्यांत मांडू. आकडे आमच्या वहीतले, ढोबळ करून घेतलेले. तुम्ही तुमचे घाला.

मुंबईहून गुरुवारी रात्री गाडीत बसलो, शुक्रवारी गोव्यात. शनिवार, रविवार, सोमवार अशा तीन सकाळी पाण्यात. सोमवारी रात्री परत. रेल्वेचं थर्ड एसी जाऊन-येऊन 2,400. तीन रात्रींचं राहणं, खोलीत दोघं धरून माणशी 3,600. चार दिवसांचं खाणं 3,200. दोघांत एक स्कूटर, माणशी 800. आणि दीड-दीड तासाच्या तीन शिकवण्या, दोन हजारांप्रमाणे 6,000. बेरीज 16,000. पाण्यात किती वेळ? साडेचार तास. म्हणजे तासाला साडेतीन हजारांच्या वर. हा आकडा बघून कुणी छंद सोडत असेल तर आम्ही त्याला दोष देणार नाही.

पण जरा थांबा. हीच सहल वर्षातून तीनदा केली तर 48,000 रुपये आणि रजा प्रत्येक वेळी दोन, म्हणजे सहा. आता तीन सहलींऐवजी एकच लांब सहल करू. शुक्रवारी रात्री निघालो, शनिवारी पोचलो, रविवारपासून पुढच्या आठवड्याच्या सोमवारपर्यंत नऊ सकाळी पाण्यात. रजा मोजा : पाच आणि एक, सहाच! रेल्वे एकदाच, 2,400. नऊ रात्री 10,800. दहा दिवसांचं खाणं 8,000. स्कूटर 2,000. पहिले पाच दिवस शिक्षक, 10,000. पुढचे चार दिवस नुसता बोर्ड भाड्यानं, सातशेप्रमाणे 2,800. बेरीज 36,000. पाण्यातल्या सकाळी तितक्याच, रजा तितक्याच, आणि बारा हजार वाचले.

यातले 4,800 तिकिटांचे आहेत हे उघड आहे. उरलेले शिकवण्या कमी झाल्याचे आणि दोन दिवसांचं खाणं-स्कूटर वाचल्याचे. शिकवण्या कमी का झाल्या, तर सलग नऊ दिवसांत हात-पाय जे शिकतात ते चार महिन्यांच्या खंडानं विसरतात. तुटक सहलींत प्रत्येक वेळी पहिली सकाळ पुन्हा उभं राहायला शिकण्यातच जाते. आम्ही हे तीन वर्षं केलंय, म्हणून सांगतो.

आता बोर्ड विकत घ्यायचा का? वरून मऊ फोम असलेला नवा बोर्ड तीस हजारांचा धरा. भाडं सातशे. म्हणजे भाड्याच्या त्रेचाळीस खेपा झाल्यावर पैसे फिटणार. मंगळूर, चेन्नई, गोवा इथे राहणारा माणूस आठवड्यातून दोनदा जात असेल तर त्याचे सहा महिन्यांच्या आत फिटतील, त्यानं खुशाल घ्यावा. आपल्याला वर्षाला नऊ खेपा, म्हणजे पावणेपाच वर्षं. शिवाय नेणार कसा? रेल्वेच्या डब्यात नेण्याच्या पेटीला 100 × 60 × 25 सेंटिमीटरची मर्यादा आहे. आठ फुटी बोर्ड म्हणजे जवळजवळ अडीच मीटर. तो ब्रेक व्हॅनमध्ये टाकायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. विमानात त्याचं भाडं वेगळं. सोडून द्या.

बाकी सामान किरकोळ. आपल्याकडचं पाणी उबदार, त्यामुळे थंड देशांत जो महागडा वेटसूट लागतो तो लागत नाही. पूर्ण बाह्यांचा लायक्राचा सदरा घ्या. नाहीतर बोर्डावर घासून पोट-छाती सोलवटते आणि उन्हानं पाठ भाजते. नाकाला, गालांना झिंकचं मलम. वॅक्स, फिन वगैरे भाड्याच्या बोर्डासोबत येतं.

काटकसर कुठे करायची नाही, तेही सांगितलं पाहिजे. पहिल्या पाच शिकवण्या. शिकवणाऱ्याकडे आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचं प्रमाणपत्र आहे का, जीवरक्षणाचं प्रशिक्षण आहे का, हे विचारायला लाजू नका. आमच्यातल्या एकानं दुसऱ्याच सकाळी शिक्षकाचे दोन हजार वाचवले आणि नुसता बोर्ड घेऊन गेला. किनाऱ्यावर एक जागा त्याला फार छान दिसली. तिथे लाटा फुटतच नव्हत्या, पाणी शांत. तो परतीच्या ओढीचा प्रवाह होता. किनाऱ्याकडे आलेलं पाणी तिथून समुद्रात परत जातं, म्हणून तिथे लाट फुटत नाही. तो बघता बघता आत ओढला गेला. पायाला बोर्डाची दोरी बांधलेली होती म्हणून बोर्ड हातात राहिला, आणि तो त्यावर पडून राहिला. जीवरक्षकांनी बाहेर काढलं. ती दोरी, लीश म्हणतात तिला, झिजलेली असेल तर बोर्ड बदलून मागा. अशा वेळी प्रवाहाच्या उलट हात मारायचे नाहीत, किनाऱ्याला समांतर सरकायचं. हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, तो ते ऐन वेळी विसरला.

आणि विमा. तुमची पॉलिसी काढून वाचा. बऱ्याच पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात, ते बारीक अक्षरांत असतं.

शेवटी पैसे जमवायचे कसे? इथे समुद्रच मदत करतो. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीसुद्धा बंद असते. पावसाळ्यातला दर्या नवशिक्याचा नाही, त्याला ऑक्टोबर ते मे. म्हणून आमचं आर्थिक वर्ष जूनला सुरू होतं. पहिला पाऊस पडला की प्रत्येकानं महिन्याला साडेचार हजार बाजूला काढायचे. जून ते जानेवारी आठ महिने, छत्तीस हजार. फेब्रुवारीत निघायचं. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा डिसेंबरात तिकिटं काढायची आणि खोलीही तेव्हाच सांगून ठेवायची, पण नाताळ ते नवं वर्ष या आठवड्यात गोव्यात कुणाला भाव विचारू नका. तो उलटून जाऊ द्या, मग फोन करा.