वतनदार आणि मुवातिन : एका अरबी धातूच्या दोन वाटा

शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जातो, तेव्हा त्याचा अर्थ जसाच्या तसा जातोच असे नाही. अरबीतील 'वतन' या शब्दाचा मूळ अर्थ राहण्याचे ठिकाण, स्वदेश. मराठीत मात्र तो फारसीच्या द्वारे येऊन पिढीजात हक्काचा वाचक झाला. पाटील, कुलकर्णी, देशमुख हे वतनदार. त्यांचे पुढारीपण जन्माने ठरे. गावाने त्यांना निवडलेले नसे.

अरबीत याच धातूपासून 'मुवातिन' हा शब्द सिद्ध झाला. तो आज 'नागरिक' या अर्थी रूढ आहे. या घडणीत सहभावाची छटा असते. म्हणून 'मुवातिन' म्हणजे दुसऱ्यासह एका देशात नांदणारा. एका वाटेने वारसाहक्क आला, तर दुसरीने समान नागरिकत्व. येमेनच्या तवक्कुल करमान यांना 2011 साली, वयाच्या 32 व्या वर्षी, शांततेचे नोबेल पारितोषिक इतर दोघींसह विभागून मिळाले. ते वतनदाराच्या नव्हे, मुवातिनाच्या कार्याबद्दल होते.

महाराष्ट्रात या दुसऱ्या वाटेचे ठळक उदाहरण म्हणजे हमीद दलवाई (1932–1977) होत. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हे कथाकार मराठीत लिहीत. 18 एप्रिल 1966 रोजी मुंबईत त्यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. तोंडी तलाक व बहुपत्नीत्व बंद व्हावे, ही मागणी होती. दलवाई तेव्हा 33 वर्षांचे होते. 22 मार्च 1970 रोजी पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिले. नावातील 'मुस्लिम' हे पद अरबी व 'सत्यशोधक' हे संस्कृत. शिवाय दुसऱ्या पदात जोतीराव फुले यांच्या 1873 च्या समाजाचे स्मरण आहे. धर्माधिकार वा घराणे यांचा आधार न घेता, नागरिक म्हणून राज्यसंस्थेकडे न्याय मागण्याची भूमिका त्या समासात सामावलेली दिसते. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2017 रोजी रद्दबातल ठरविला. मोर्चा आणि हा निर्णय यांच्यात 51 वर्षांचे अंतर आहे.

आता नंदुरबार जिल्ह्यातील मोलगीकडे पाहू. 'नागरिक' हा शब्द 'नगर' यावरून आला. मोलगी तर सातपुड्यातील डोंगराळ गाव. तथापि नागरिकत्वाची कसोटी येथेही तीच. मुलकी पाटलांची वंशपरंपरागत पदे महाराष्ट्रात 1962 च्या कायद्याने संपली. पुढे 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतीच्या उमेदवारीस 21 वर्षांचे वय पुरेसे ठरविले, आणि 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेस विशेष अधिकार दिले. अक्कलकुवा तालुका या क्षेत्रात मोडतो.

येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. घरातील बोली भिली गटातील, तर कागद मराठीत. साहजिकच दोन्ही जाणणारा शिकलेला तरुण पुढे येतो. त्याने ठरावाचा मजकूर सर्वांना बोलीत समजावून दिला, तर तो सहनागरिक ठरतो. कागदाची भाषा त्याने आपल्यापाशीच राखली, तर लेखणीच्या बळावर नवी वतनदारी उभी राहते. कायद्याने जुने वतन गेले. हे नवे वतन रोखणे मात्र सभेत बसणाऱ्यांच्याच हाती आहे. ठराव मंजूर होण्यापूर्वी तो बोलीत मोठ्याने सांगितला जावा, एवढा आग्रह त्यांनी धरला तरी पुष्कळ साधेल.