पोटातला पोपट

घरात दोन वर्षांचं मूल असेल, तर घरात कॅक्टस असणार. नसेल, तर येत्या वाढदिवसाला कुणीतरी काका किंवा मावशी तो घेऊन येणारच. मऊ हिरवं अंग, डोक्यावर फूल, गळ्यात स्कार्फ. बटण दाबलं की कंबर हलवत गातो आणि आपण काहीही बोललो, की तेच चिरक्या आवाजात परत म्हणून दाखवतो. तुळशीबागेत आहे, क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांत आहे, ऑनलाइन तर काय, ढिगाने आहे.

माझ्या ताईकडे कोथरूडला तो आला, त्या आठवड्यात भाऊजी घरून काम करत होते. फोनवर बॉसला म्हणाले, "सर, ट्रॅफिकमध्ये आहे, पाच मिनिटांत पोचतोच." सोफ्यावरून लगेच खारूताईच्या आवाजात उत्तर आलं, "पाच मिनिटांत पोचतोच!" पुढचं विचारू नका.

हसून झाल्यावर मात्र माझ्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. आपला आवाज या बाहुल्याच्या पोटात जातो, तो पुढे जातो कुठे? भाऊजींचं ते वाक्य अजून आत आहे का? मी थोडी शोधाशोध केली, लॅमिंग्टन रोडवर दोन शनिवार घालवले. कळलं ते असं, की काही खेळणी आपलं बोलणं ऐकतात आणि लगेच विसरतात, काही वर्षानुवर्षं जपून ठेवतात आणि काही ते घराबाहेर पाठवून देतात. दुकानात ही सगळी एकाच फळीवर, शेजारी शेजारी बसलेली असतात. खोक्यावरची भाषा सगळ्यांची सारखीच!

बाहुलीच्या पोटात मेण

बोलणाऱ्या खेळण्यांचं वेड आजचं नाही. एडिसनने १८७७मध्ये फोनोग्राफ तयार केला आणि १८९०मध्ये त्याची छोटी आवृत्ती चक्क बाहुलीच्या पोटात घातली. आत मेणाचं कडं, पाठीत दांडी. दांडी फिरवली की बाहुली बालगीत म्हणायची. दांडी एका लयीत फिरवायला हवी, ते पोरांना कसलं जमतंय? मेणही भराभर झिजायचं. काही आठवड्यांत विक्री बंद. २०१५मध्ये त्यातली काही जुनी कडी सुई न लावता, नुसत्या प्रकाशाने त्यांच्या खाचा मोजून पुन्हा ऐकवली गेली. रात्री एकट्याने ऐकू नका. लोकांनी बाहुल्या परत का केल्या, ते पहिल्याच ओळीला कळतं.

पण ही बाहुली फक्त ऐकवायची. मुलाचा स्वतःचा आवाज पकडणारं खेळणं खरं गाजलं ते १९९२च्या 'होम अलोन २'मुळे. केव्हिन हातातल्या टॉकबॉयवर आपला आवाज संथ करून मोठ्या माणसासारखा बोलतो आणि न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात खोली बुक करतो, आठवतंय? सिनेमातला टॉकबॉय मुळात नुसता देखावा होता. नंतर टायगर इलेक्ट्रॉनिक्सने कॅसेटवर चालणारं, आवाज खरोखर संथ करणारं मॉडेल दुकानात आणलं. १९९४मध्ये याक बॅक आला. त्यात कॅसेटही नाही. दोन बटणं, 'से' आणि 'प्ले', आणि जेमतेम सहा सेकंद.

सहा सेकंदांत मूल काय बोलणार? जे जगातली सगळी मुलं बोलतात तेच. ढेकर, शिंकेची नक्कल आणि भावाचं चिडवायचं नाव.

चौसष्ट हजार खोल्या

कॅसेट गेली, कारण चिप आली. कॅलिफोर्नियातल्या इन्फॉर्मेशन स्टोरेज डिव्हायसेस, म्हणजे आयएसडी या कंपनीच्या चिप नव्वदच्या दशकात खेळण्यांत आणि ग्रीटिंग कार्डांत जाऊन बसल्या. आयडिया सॉलिड होती. कॉम्प्युटर आवाजाचे शून्य आणि एक करतो. ही चिप तसं काही करत नाही. दर क्षणाला आवाजाची पातळी जेवढी असेल, तेवढंच विद्युत-दाबाचं माप एका पेशीत भरून ठेवते. माठात पाणी भरावं तसं. कुठे अर्धा, कुठे पाऊण. वीज गेली तरी माप जात नाही. डेटाशीटवर आवाज टिकण्याचा काळ लिहिलाय शंभर वर्षं!

याच घराण्यातली आयएसडी १८२० ही चिप आपल्याकडच्या इंजिनीअरिंगच्या पोरांना नावानिशी माहीत आहे. अर्ध्या महाराष्ट्राचे मिनी प्रोजेक्ट तिच्यावर पार पडलेत. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास मागा, शंभर-दीडशे रुपयांत माइक, बटणं आणि छोट्या स्पीकरसकट तयार मॉड्यूल मिळतं.

तिच्यात आवाजाचे चौसष्ट हजार तुकडे मावतात. बस्स. ते आठ सेकंदांत वापरायचे की वीस, हे एका रेझिस्टरवर ठरतं. आठ सेकंदांत वापरले तर सेकंदाला आठ हजार तुकडे, म्हणजे आवाज टेलिफोनवर येतो साधारण तसा. वीस सेकंदांपर्यंत ताणले तर सेकंदाला तीन हजार दोनशे, आणि माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो. 'स' आणि 'श' तर गायबच. एका वेगाने भरलं आणि दुसऱ्या वेगाने सोडलं की आवाज चिरका किंवा जाडा होतो. टॉकबॉयपासून कॅक्टसपर्यंत सगळी गंमत या एकाच युक्तीवर चालते.

कॅक्टस मात्र काही जपून ठेवत नाही. माइक वाट बघत बसलेला असतो. आवाज आला की काही सेकंद भरून घेतो, शांतता झाली की भराभर सोडून देतो. पुढचं वाक्य आलं की मागचं पुसलं. स्विच बंद, खेळ खलास. भाऊजींचं ट्रॅफिक त्याच मिनिटाला विरून गेलं होतं. (बॉसच्या डोक्यातून गेलं नाही, तो कॅक्टसचा दोष नाही.)

मला या ढ खेळण्याचं जाम कौतुक वाटतं, आणि त्याला एक खास कारण आहे. बोलणाऱ्या खेळण्यांच्या दुकानात उभं राहून ऐका. इंग्लिश, हिंदी, मध्येच कुठली तरी चिनी बडबड. मराठी शोधून सापडत नाही. ताईच्या कॅक्टसमध्येही गाणी ढीगभर, मराठी एक नाही. पण माझी भाची म्हणाली "बाळाला भूक लागली", की तोही म्हणतो "बाळाला भूक लागली". 'ळ' सुद्धा स्वच्छ! तिची नागपूरची आजी आली, तर तो वऱ्हाडी बोलायला लागला. मालवणीही बोलेल, कोंकणीही बोलेल. त्याला स्वतःची भाषाच नाही, म्हणून तो घराची भाषा बोलतो. हुशार खेळण्यांना हे अजून नीट जमलेलं नाही.

हां, त्याच्या पोटात आधीपासून भरलेली गाणी मात्र एकदा ऐकून घ्या. २०२१मध्ये कॅनडात वॉलमार्टच्या वेबसाइटवरून घेतलेला असाच एक नाचरा कॅक्टस पोलिश भाषेत कोकेनबद्दलचं रॅप गात होता. घरात पोलिश समजणारी आजी होती, म्हणून उघडकीला आलं. आपल्याकडे कुणाला कळलं असतं?

हुशार बाहुली

भलत्याच खेळण्याला घाबरायची हौस मोठमोठ्यांना असते. १९९८मध्ये फर्बी नावाचं केसाळ, डोळे मिचकावणारं खेळणं आलं आणि १९९९च्या जानेवारीत बातमी फुटली, की अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने त्याला आपल्या इमारतीत बंदी केलीय. का, तर ते गुप्त बोलणं ऐकून बाहेर जाऊन बोलेल! कंपनीने सांगितलं, अहो, त्याला रेकॉर्ड करताच येत नाही. फर्बी शिकल्याचं नाटक करायचा. सगळे शब्द आधीच आत भरलेले होते.

खरी ऐकणारी खेळणी पुढे आली, तेव्हा ती आयांनी कौतुकाने घरात आणली. २०१५ची हॅलो बार्बी घ्या. तिच्या पट्ट्याचं बक्कल दाबून मूल बोलायचं, ते बोलणं वाय-फायवरून कंपनीच्या सर्व्हरवर जायचं आणि तिथून उत्तर यायचं. आईबाबांना ती रेकॉर्डिंग नंतर ऐकता यायची. मुलगी बाहुलीच्या कानात गुपित सांगते आणि आई ते लॅपटॉपवर ऐकते. मला ही कल्पनाच कशीशी वाटते.

जर्मनीने २०१७च्या फेब्रुवारीत 'माय फ्रेंड केला' या बाहुलीवर बंदी घातली. तिचं ब्लूटूथ उघडं होतं. भिंतीपलीकडच्या माणसालाही फोन जोडून मुलाशी बोलता आलं असतं. तिथल्या सरकारी यंत्रणेने तिला लपवलेलं हेरगिरीचं उपकरण ठरवलं आणि पालकांना सांगितलं, बाहुली नष्ट करा.

त्याच महिन्यात क्लाउडपेट्सचं प्रकरण बाहेर आलं. हे टेडी दूर असलेल्या आईबाबांसाठी होते. बाबा परदेशातून फोनवर निरोप बोलणार, टेडी तो घरी ऐकवणार. मुलाने पंजा दाबून उत्तर द्यायचं. कल्पना गोड आहे, नाही म्हणवत नाही. आखातात किंवा बोटीवर नोकरी करणाऱ्या कितीतरी घरांत ती चालली असती. पण आठ लाखांहून जास्त खाती असलेला डेटाबेस इंटरनेटवर पासवर्डशिवाय पडून होता आणि त्याच्या मागे मुलांची आणि आईबाबांची वीस लाखांवर रेकॉर्डिंग होती.

मुलांच्या बडबडीचं कुणाला काय पडलंय, असं म्हणाल, तर २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी अवघ्या तीन सेकंदांच्या नमुन्यावरून माणसाच्या आवाजाची नक्कल करून दाखवली. टेडीतला "गुड नाइट पिल्लू" एवढा निरोपही त्याला पुरतो.

आपल्याकडे २०२१पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. तो बघाच. पण त्याचा भर टोकदार कडा, रंगातली रसायनं, बॅटरीचं झाकण यांच्यावर आहे. आवाज कुठे जातो, हे तो सांगत नाही. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळून घेतलेली संमती हवी, असं कलम आहे. पण ती संमती आपण कशी देतो? वाढदिवसाचा केक कापायचा खोळंबलाय, मूल रडतंय आणि अ‍ॅप विचारतंय, 'आय अ‍ॅग्री?' आपण दाबून मोकळे.

म्हणून माझा फंडा साधा. खेळण्याने वाय-फायचा पासवर्ड मागितला, अ‍ॅप टाकायला सांगितलं, की दुकानदाराला विचारायचं, हे नेटशिवाय चालतं का? नाही म्हणाला, तर ते परत फळीवर.

वीस सेकंदांचे आजोबा

पण विसरणारं खेळणं चांगलं आणि लक्षात ठेवणारं वाईट, एवढं ते सोपं नाही. माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण आहे, मिरजेची. तिच्या भावाने २०१९मध्ये कॉलेजच्या प्रोजेक्टमधून उरलेलं १८२०चं मॉड्यूल भाच्याच्या टेडीच्या पोटात शिवून दिलं आणि तिच्या बाबांना बोलायला लावलं. बाबांना बोलायला जास्त वेळ मिळावा म्हणून त्याने वीस सेकंदांचा रेझिस्टर लावला. बाबा म्हणाले, "बाळा, जेवलास का रे? पानात काही टाकायचं नाही. आईला त्रास देऊ नकोस." मग थोडी शांतता, मागे कुकरची शिट्टी आणि शेवटी, "चालू आहे का गं हे?"

बाबा २०२१मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्यांचे फोटो हजार आहेत. व्हिडिओ लग्नाचा, त्यात ते पंगतीत वाढतायत आणि वर बँड वाजतोय. बोलणं असं हे एवढंच.

त्या मॉड्यूलवर ऐकायच्या बटणाशेजारीच रेकॉर्डचं बटण आहे. चिपची रचना अशी, की रेकॉर्डला प्राधान्य. वाजत असताना जरी ते दाबलं, तरी वाजणं थांबतं आणि नवं भरायला सुरुवात होते. जुनं परत मिळत नाही. घरी एक छोटा पाहुणा येऊन टेडीचं पोट दाबू लागला, तेव्हा तिने टेडी त्याच्या हातातून ओढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी तो ऑफिसच्या बॅगेत घेऊन आली.

शनिवारी आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. काउंटरवरच्या काकांनी आधी टेडीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. सगळं ऐकून म्हणाले, "सोल्डरिंग नंतर. आधी मोबाइलवर घ्या. गरम इस्त्री लागल्यावर काय होईल, गॅरंटी नाही." दुकानाचा पंखा बंद केला, शटर अर्धं खाली ओढलं. आम्ही तीनदा रेकॉर्ड केलं. तिसऱ्या वेळी त्यांनी स्पीकरच्या दोन वायरी काढून थेट लॅपटॉपला जोडल्या. रस्त्यावरचे हॉर्न त्यात आले नाहीत. मग रेकॉर्डचं बटण बोर्डावरून उपटून काढलं, त्याच्या जागी गोंदाचा एक ठिपका टाकला.

मी म्हटलं, आता सॉफ्टवेअरने आवाज साफ करून देते. खरखर जाईल, थोडा उजळेल. ती नको म्हणाली. "बाबा फोनवरही असेच विहिरीतून बोलल्यासारखे यायचे. राहू दे."

काकांनी पन्नास रुपये घेतले आणि एक सल्ला दिला. सेल संपला तरी आवाज जात नाही, पण जुना सेल आत फुटून बोर्ड खातो. तेव्हा वर्षातून एकदा बदलायचा आणि झाकणाचा स्क्रू घट्ट करायचा. मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. स्क्रूड्रायव्हर तोच चालवतो.