मुदखेड परिसराचे ऐतिहासिक स्थलनिर्देशक नकाशे
स्थलनिर्देशक नकाशे हे समोच्चता रेषा व सांकेतिक चिन्हे यांद्वारे भूरूपे, जलप्रवाह, वस्त्या आणि मार्ग दाखवणारे नकाशे होत. भारतात ते १७६७ मध्ये स्थापन झालेला भारतीय सर्वेक्षण विभाग तयार करतो. नांदेड जिल्ह्यातील मुदखेडचा समावेश ‘५६ ई’ या पत्रकात होतो. वेगवेगळ्या काळातील पत्रकांची तुलना करून परिसरातील बदलांचा अभ्यास करता येतो.

तुलना
जुनी पत्रके एक इंचास एक मैल (१:६३,३६०), तर दशमान पद्धती स्वीकारल्यानंतरची १:५०,००० प्रमाणावर आहेत. म्हणून ती आधी समान प्रमाणावर आणावी लागतात. हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९०० च्या सुमारास आलेला मनमाड–हैदराबाद मीटरगेज लोहमार्ग, मुदखेडहून निघणारा आदिलाबाद फाटा, पुढील काळातील ब्रॉडगेज मार्ग आणि इसापूर धरणाचे कालवे हे टप्पे ओळखण्यास अशी तुलना उपयुक्त ठरते. विहिरी, देवळे, पायवाटा व बेचिराख गावांच्या खुणाही तपासता येतात.

मर्यादा
पत्रकाचे प्रकाशनवर्ष व सर्वेक्षणाचे वर्ष भिन्न असू शकते. त्यावरील माहिती सर्वेक्षणाच्या वर्षाची मानावी. रोमन लिपीतील ग्रामनामांत ‘द’ व ‘ड’ यांतील भेद कळत नाही. एखादी वाडी वा तांडा नकाशावर नसणे, हा तेथे वस्ती नसल्याचा पुरावा ठरत नाही. त्यामुळे भूमी अभिलेख विभागाचे गावनकाशे, निजामकालीन उर्दू महसुली नोंदी आणि ज्येष्ठ ग्रामस्थांच्या आठवणी यांच्याशी पडताळणी आवश्यक ठरते.